जर्मन शिकायचीय? अर्धं भांडवल तुमच्याकडे आहे, फक्त हिशोब नीट मांडा



चिवला बीचपासून तारकर्ली, देवबागपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या पाट्या वाचत जा. दर दहा पावलांवर एक शब्द दिसतो, ‘स्नॉर्केलिंग’. हा शब्द मुळात जर्मन आहे. पाणबुडीला पाण्याखालून हवा घेता यावी म्हणून जी नळी बसवत, तिला जर्मन लोक ‘श्नॉर्शल’ म्हणायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो शब्द इंग्रजीत गेला आणि इंग्रजीतून आपल्या पाटीवर आला. आपल्या होडीत जे डिझेल भरतो तेही रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरचं आडनाव. म्हणजे जर्मन येत नाही असं म्हणणारा मालवणचा माणूस रोज जर्मन शब्दांवर पोट भरतोय!

आजचा विषय हाच. इंग्रजीशी मिळतेजुळते शब्द धरून जर्मन शिकता येते का? आणि आपल्यासारख्या छोट्या व्यावसायिकाने त्यावर वेळ घालवावा का?

माझं मत आधीच सांगून टाकतो. शिकता येते आणि सुरुवात तिथूनच करावी. पण इंग्रजीशी साम्य हे फक्त भांडवल आहे. ते दाखवून कोणी तुम्हाला ‘३० दिवसांत जर्मन’ विकत असेल, तर खिशावर हात ठेवा.

हा विषय आत्ताच का?

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी करार केला. आपल्या कुशल तरुणांना, सुरुवातीला १० हजार जणांना, भाषा शिकवून तिकडे कामाला पाठवायचं अशी ती योजना. तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर म्हणजे आपल्या सावंतवाडीचे आमदार. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाच्या व्हिसांची मर्यादा २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, नर्स, हॉटेलात काम करणारे, सगळ्यांच्या कानावर ‘जर्मनी’ हा शब्द पडू लागला.

दुसरीकडे आपला जिल्हा. १९९७ पासून सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा आहे. चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये सुरू झाला, आणि हद्दीपलीकडे पेडण्यात मोपाला जानेवारी २०२३ पासून विमानं उतरतात. परदेशी पाहुणा आणि आपण यांच्यात आता तेरेखोलची खाडी तेवढी उरली आहे.

म्हणून माझ्यासमोर दोन प्रकारचे वाचक आहेत. एक, होम-स्टे, खाणावळ, होडी किंवा काजू-कोकमचं दुकान चालवणारे. दोन, पाच वर्षं बाहेर काम करून भांडवल जमवून गावात धंदा टाकू इच्छिणारे. दोघांचा हिशोब वेगळा आहे, शेवटी मांडतो. आधी शब्दांकडे बघूया.

यादी पाठ करू नका, नियम पकडा

हिंदी आणि मराठी बघा. पानी–पाणी, कौन–कोण, बहन–बहीण. हिंदीत ‘न’ असेल तिथे मराठीत बऱ्याचदा ‘ण’ येतो. हे आपल्याला कोणी शिकवलं नाही, कानाने पकडलं. कारण भाषा सख्ख्या बहिणी आहेत.

इंग्रजी आणि जर्मन तशाच बहिणी. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी जर्मनमधले काही आवाज बदलले आणि इंग्रजीत जुनेच राहिले. परीकथा गोळा करणारे ग्रिम भाऊ माहीत असतील. त्यातल्या याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये या बदलांचे नियम नीट मांडले. आपल्या कामाचे नियम एवढेच:

• इंग्रजी ‘ट’ असेल तिथे जर्मनमध्ये ‘त्स’ किंवा ‘स’. टेन म्हणजे त्सेन, टू म्हणजे त्स्वाय, वॉटर म्हणजे वासर, ईट म्हणजे एसन.

• इंग्रजी ‘प’ चा ‘प्फ’ किंवा ‘फ’. पेपर, म्हणजे मिरी, म्हणजे प्फेफर. शिप म्हणजे शिफ, ओपन म्हणजे ऑफन.

• इंग्रजी ‘क’ चा बऱ्याचदा ‘ख’ किंवा ‘श’. मेक म्हणजे माखन, बुक म्हणजे बूख, मिल्क म्हणजे मिल्श.

• इंग्रजी ‘ड’ चा ‘ट’. डे म्हणजे टाग, ड्रिंक म्हणजे ट्रिंकन, गुड म्हणजे गूट.

• इंग्रजी ‘थ’ चा ‘ड’. थ्री म्हणजे ड्राय, थँक म्हणजे डांकं.

• इंग्रजी ‘व्ह’ चा ‘ब’. गिव्ह म्हणजे गेबन, हॅव म्हणजे हाबन, सेव्हन म्हणजे झीबन.

• नाइट, लाइट, एट या शब्दांत इंग्रजीत ‘जी-एच’ लिहितात पण बोलत नाहीत. जर्मन अजून बोलतात. नाख्ट, लिश्ट, आख्ट.

सात ओळी. या सात ओळींतून तुमच्या दहावीच्या इंग्रजीतले शे-दोनशे शब्द ओळखीचे होतात. म्हणून मी म्हणतो की ‘माझं इंग्रजी कच्चं आहे, जर्मन कुठून येणार’ हे कारण चालणार नाही. इथे फाडफाड इंग्रजी लागत नाही. पाणी, दूध, हात, घर, मासा, मीठ एवढं आलं की पुरे. वासर, मिल्श, हांट, हाउस, फिश, झाल्त्स. झाले सहा शब्द.

आणि उच्चाराला घाबरू नका. तो ‘त्स’ इंग्रजी शाळेत शिकलेल्यांना जड जातो, आपल्याला नाही. ‘चाक’, ‘चूल’, ‘चमचा’ म्हणताना आपण जो ‘च’ काढतो, तोच हा आवाज. साखरेला जर्मनमध्ये त्सुकर म्हणतात. ‘चूल’मधला ‘चु’ काढा आणि पुढे ‘कर’ जोडा, झालं.

जिथे इंग्रजी संपते तिथे मराठी धावून येते

हा मुद्दा मला कोणत्याच जर्मनच्या जाहिरातीत दिसत नाही. इंग्रजीचा पूल अर्ध्यावर संपतो. पुढचा अर्धा मराठीचा आहे.

अननस घ्या. इंग्रजीत पाइनॲपल. जर्मनमध्ये आनानास! पोर्तुगिजांनी आणलेला शब्द आपल्याकडेही राहिला आणि तिकडेही.

आकडे घ्या. चोवीस म्हणजे चार आणि वीस. आपण एकक आधी बोलतो. जर्मनही तेच करतात, ‘फिअर-उंट-त्स्वान्त्सिश’, म्हणजे चार आणि वीस. इंग्रजीवाल्याला इथे डोकं उलटं फिरवावं लागतं, आपल्याला नाही. गंमत बघा, २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ आलं आणि महाराष्ट्रभर वाद झाला. जर्मनीतही ‘वीस-एक’ असं सरळ म्हणा असा आग्रह धरणारी एक संस्था आहे. दुखणं अगदी सारखं!

लिंग घ्या. इंग्रजीला सगळं ‘द’. जर्मनमध्ये डेअर, डी, डास, म्हणजे तो, ती, ते. हिंदीवाल्याला दोनच लिंगं माहीत असतात, मराठी माणसाला तीन. कोणत्या वस्तूला कोणतं लिंग हे मात्र पाठच करावं लागतं, कारण ते मराठीसारखं असेलच असं नाही. पण एक उदाहरण मालवणी माणसाला कायम लक्षात राहील. जर्मनमध्ये मुलगी, म्हणजे मेडशन, हा शब्द नपुंसकलिंगी आहे. सगळं जग यावर डोकं खाजवतं. आपण लहानपणापासून ‘ता चेडू’ म्हणतोय! आपल्याला त्यात काहीच नवल नाही.

जोडशब्द घ्या. जर्मन भाषा समासांवर चालते. हातात घालायचे ते ‘हांटशू’, शब्दशः हाताचे बूट. आपण हातमोजे म्हणतो. ‘क्रांकनहाउस’ म्हणजे आजाऱ्यांचं घर, म्हणजेच रुग्णालय. हॉस्पिटल या इंग्रजी शब्दावरून तो ओळखता येणार नाही, पण रुग्ण अधिक आलय हा समास सोडवता येणाऱ्या माणसाला येईल.

वाक्य घ्या. ‘कारण मी मासे खात नाही’ या वाक्यात क्रियापद शेवटी आहे. जर्मनमध्ये ‘वाइल’, म्हणजे ‘कारण’, आलं की क्रियापद असंच शेवटी जातं.

मराठी माध्यमात शिकलो म्हणून मागे पडलो असं वाटणाऱ्या प्रत्येकाने हे पाच मुद्दे वहीत लिहून ठेवावेत. परदेशी भाषेच्या वर्गात मराठी ही अडचण नाही. ती तुमची दुसरी शिडी आहे.

आता धोक्याचा कंदील: सारखे दिसणारे दगाबाज शब्द

सारखेपणावर डोळे झाकून विश्वास ठेवला तर धंदा बुडू शकतो. मी अतिशयोक्ती करत नाही. हे बघा:

गिफ्ट. समजा तुम्ही काजू, कोकम आगळ, आंबावडीचा सुंदर डबा केला आणि जर्मन गिऱ्हाइकासाठी वर मोठ्या अक्षरात ‘गिफ्ट’ छापलं. जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष! इंग्रजी कळणारा जर्मन हसून सोडून देईल, पण खाण्याच्या डब्यावर हा शब्द कशाला? भेटवस्तूला ते ‘गेशेंक’ म्हणतात.

शेफ. जर्मन पाहुणा ‘शेफ’ला भेटायचंय म्हणाला तर स्वयंपाकघरातल्या काकूंना हात पुसत बाहेर आणू नका. त्याला मालक हवा आहे. शेफ म्हणजे बॉस. स्वयंपाकी तो ‘कोख’.

मेन्यू. जर्मनमध्ये मेन्यू म्हणजे ठरलेलं जेवण, आपल्या थाळीसारखं. पदार्थांचं कार्ड हवं असेल तर तो ‘श्पायझंकार्टं’ किंवा नुसतं ‘कार्टं’ मागेल.

बेकोमन. इंग्रजी बिकमसारखा दिसतो, अर्थ मात्र ‘मिळणं’. म्हणून एखादा जर्मन इंग्रजीत ‘आय बिकम अ फिश थाळी’ म्हणाला तर हसू नका. त्याला फिश थाळी हवी आहे, तो थाळी होणार नाहीये.

हँडी. म्हणजे मोबाइल. हँडी चार्ज करायचाय म्हणाला की प्लग दाखवा.

आणि सगळ्यात गंभीर, क्राबन. ऐकून आपल्याला कुर्ल्या आठवतात. पण जर्मनमध्ये, विशेषतः जेवणाच्या पानावर, क्राबन म्हणजे बहुतेकदा बारीक कोळंबी. मोठ्या कोळंबीला गार्नेलं म्हणतात. ज्याला कोळंबीची ॲलर्जी आहे अशा पाहुण्याने ‘क्राबन नको’ सांगितलं आणि तुम्ही कुर्ली टाळून सोलकढीबरोबर कोळंबीचं तिखलं वाढलंत, तर प्रकरण दवाखान्यापर्यंत जाऊ शकतं. इथे शब्दावर विसंबू नका. फोटो दाखवा, ताटातला मासा दाखवा, दोनदा विचारा. शेंगदाण्यालाही तोच नियम. तो एर्डनुस, म्हणजे जमिनीतला नट. नारळ कोकोसनुस.

आकड्यांचं विरामचिन्हही दगाबाज आहे. जर्मन लोक दशांशाला स्वल्पविराम देतात आणि हजाराला टिंब. तुम्ही कोटेशनमध्ये १,२०० युरो लिहिलंत तर तिकडे ते एक पूर्णांक दोन दशांश वाचलं जाऊ शकतं. स्वल्पविराम न देता नुसतं १२०० लिहा, वाद संपला.

एका शब्दाने गिऱ्हाईक कसं जिंकायचं

दगाबाज शब्द सांगितले, आता एक सोन्यासारखा शब्द सांगतो. शार्फ. इंग्रजी शार्पचा भाऊ, ‘प’ चा ‘फ’ झालेला. अर्थ धारदार, आणि जेवणात तिखट. आपला ‘तिखट’ शब्दही ‘तीक्ष्ण’वरूनच आलाय, म्हणजे धारदारच! इंग्रजीत ‘हॉट’ म्हटलं की गरम की तिखट हा घोळ असतो. आपल्याकडे गरम वेगळं, तिखट वेगळं. जर्मनमध्येही गरम म्हणजे हाइस आणि तिखट म्हणजे शार्फ.

मालवणी मसाल्याचं जेवण वाढताना तुम्ही ‘शार्फ?’ एवढंच विचारलंत आणि दोन बोटांत थोडं-जास्त दाखवलंत, तर त्या पाहुण्याचा जीव भांड्यात पडतो. बांगडा दाखवून ‘माक्रेलं’ म्हणा, मॅकरेलचाच भाऊ. होडीवर ‘डेल्फीन’ म्हणा, तो ओळखेल. भरती-ओहोटीला ‘फ्लूट’ आणि ‘एबं’. इंग्रजी फ्लड आणि एब. ओहोटीला किल्ल्याकडची होडी कधी सुटणार आणि पाण्यात उतरायचं की नाही हे सांगताना हे दोन शब्द उपयोगी पडतात. ‘येवा, कोकण आपलाच असा’ म्हणायचं असेल तर ‘विलकोमन’ आहेच, वेलकमचा सख्खा भाऊ.

आता हिशोब

प्रामाणिकपणे बोलूया. आज मालवणात येणारा बहुतेक पाहुणा मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगावचा असतो. जर्मन पाहुणा अजून गोव्यातच जास्त थांबतो. त्यामुळे फक्त पर्यटनासाठी हजारो रुपये भरून पूर्ण कोर्स करा असं मी तुम्हाला सांगणार नाही. तेवढ्या पैशांत आधी बाथरूम नीट करा, चादरी बदला, गुगल मॅपवर लोकेशन अचूक टाका.

पण शंभर शब्दांना एक रुपयाही लागत नाही. रोज पंधरा मिनिटं, दीड-दोन महिने. एका साध्या वहीत चार रकाने करा. जर्मन शब्द (तो, ती की ते यासकट), त्याचा इंग्रजी भाऊ, माझ्या धंद्यात कुठे लागेल, आणि दगाबाज आहे का. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो शब्द सोडून द्या. होडीवाल्याला ‘सफरचंद’ कशाला? छापील बोर्ड, लेबल किंवा कार्ड करायचं असेल तर मात्र वहीवर भागवू नका. जर्मन जाणणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

दुसरा वाचक, ज्याला तिकडे नोकरी करायची आहे, त्याचा हिशोब पूर्ण वेगळा. ग्योटे-इन्स्टिट्यूटच्या पहिल्या, म्हणजे ए-१ परीक्षेच्या शब्दसूचीत साधारण ६५० शब्द आहेत. बी-१ च्या सूचीत साधारण २४००. नर्सिंगसारख्या कामाला तर बी-२ ची तयारी धरून चालावं लागतं. पहिल्या ६५० मध्ये इंग्रजीचे भाऊ पावलोपावली भेटतात. वर चढत जाल तसे ते विरळ होतात. घर, पाणी, हात, भाकरी हे शब्द बहिणींनी वाटून घेतलेले आहेत. पण परवाना, अर्ज, विमा, भाडेकरार हे शब्द जर्मनने स्वतःचे स्वतः घडवले. गेनेमिगुंग म्हणजे परवानगी, बेवेर्बुंग म्हणजे अर्ज. यात इंग्रजी शोधून सापडत नाही. आणि परक्या देशात ज्या कागदावर तुमची सही होणार, त्या कागदावर हेच शब्द असतात.

म्हणूनच ‘इंग्रजीसारखीच सोपी आहे’ असं म्हणून घाईत फी घेणाऱ्यांवर माझा आक्षेप आहे. ते खोटं बोलत नाहीत, अर्धं बोलतात. पहिल्या महिन्यात भराभर शब्द ओळखीचे वाटतात, मुलगा खूश, घरचे खूश. चौथ्या महिन्यात व्याकरण आणि अनोळखी शब्द आले की तोच मुलगा ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून वर्ग सोडतो. फी गेली त्यापेक्षा आत्मविश्वास गेला हे मोठं नुकसान. वर्गात नाव घालण्याआधी तीन प्रश्न विचारा. कोणत्या पातळीपर्यंत शिकवता? परीक्षा कोण घेतं? बी-१ पर्यंत किती महिने धरायचे? तिसऱ्या प्रश्नाला ‘एक-दोन महिने’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून बाहेर पडा.

धंद्यात आपण काय करतो? घरात असलेलं भांडवल आधी मोजतो, मग किती लागणार ते मोजतो, मग उरलेल्याची सोय करतो. भाषेचंही तेच. दहावीचं इंग्रजी आणि घरची मराठी हे तुमचं जमा आहे. उरलेलं कष्टाने कमवायचं आहे, आणि ते किती आहे हे आधी माहीत असलेलं बरं.

आज रात्री एवढंच करा. तुमच्या धंद्यातल्या पंधरा वस्तू मराठीत लिहा, समोर इंग्रजी नाव लिहा आणि वरचे सात नियम लावून जर्मन नाव काय असेल त्याचा अंदाज करा. मग मोबाइलवर शब्दकोश उघडून ताडून बघा. पंधरापैकी किती बरोबर आले ते कमेंटमध्ये नक्की सांगा. चुकलेले शब्दही लिहा, पुढच्या व्हिडिओत त्यांवरच बोलू.